चौकातली भट्टी

कच्च्या विटांचा शेवटचा ढीग कुणालाच नको होता, म्हणून तो गावाला दान देण्यात आला.

वीस हजार विटा होत्या. उन्हात वाळलेल्या, न भाजलेल्या. गावाभोवतीची माती खणून खणून संपली होती, भट्ट्या बंद पडल्या होत्या आणि मालकाने भट्ट्यांची जागा घरं बांधणाऱ्या कंपनीला देऊन टाकली होती. ती घरं विटांची नव्हती, सिमेंटच्या ठोकळ्यांची होती. दानाच्या दिवशी मालक म्हणाला, या विटा म्हणजे तीन पिढ्यांच्या कष्टांची आठवण आहे. आठवण उचलून न्यायला ट्रॅक्टर मात्र पालिकेने पाठवावा.

पालिकेला चार रस्ते मिळतात त्या चौकात विटेच्या धंद्याचं स्मारक करायचं होतं. त्यासाठी बाहेरून शिल्पकार आणला. त्याने कागदावर एक भट्टी काढली. दोन माणसांएवढी उंच, खाली रुंद, वर निमुळती, आणि माथ्यावर एक कामगार पुरुष आणि एक बाई. ती रचायला खऱ्या भट्टीवरचाच माणूस पाहिजे, असा त्याने हट्ट धरला. असा माणूस एकच उरला होता. बाकीचे लांबच्या भट्ट्यांवर गेले होते, नाहीतर वर गेले होते.

या माणसाला सगळे ओळंबा म्हणत. बत्तीस वर्षं त्याने भट्ट्या रचल्या, पण रचण सरळ आहे का ते बघायला कधी ओळंब्याची दोरी लावली नाही, म्हणून हे नाव. विटा झेलून झेलून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. नाव ओळंबा आणि स्वतःच कललेला, असं त्याची थोरली बहीण म्हणायची. ही बहीण म्हणजे आक्का. नवरा गेल्यापासून भावाकडे राहायची. चाळीस वर्षं चिखल तुडवून तिच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यात वाळकी माती कायमची बसली होती. घरातलं तिसरं माणूस म्हणजे ओळंब्याची बायको. ती विटा वाहायची. एका खेपेला बारा.

तिघं भट्टीच्या आवारातच राहत. विटेवर वीट ठेवून केलेल्या तीन भिंती, चौथ्या बाजूला पत्रा. पावसाळ्याआधी आवार सपाट होणार, असं कंपनीचा माणूस दोनदा येऊन सांगून गेला होता. कुठे जायचं ते त्याने सांगितलं नाही. ते त्याच्या कामात येत नव्हतं.

म्हणून पालिकेचा इंजिनियर जेव्हा म्हणाला की स्मारकाला कायमचा राखणदार लागणार आहे, मागे दहा बाय दहाची खोली बांधली आहे आणि तुझ्याइतका हक्काचा माणूस कोण, तेव्हा ओळंब्याने पुढचं काही विचारलं नाही. घरी येऊन सांगितलं. आक्काने विचारलं, नळ आहे का.

"आहे."

"आत का बाहेर?"

"बाहेर."

"मग तो चौकाचा नळ झाला. आपला नव्हे."

पण तीही त्या दिवशी जाऊन खोली लांबून बघून आली. दाराला कडी होती, वर सिमेंटचं छत होतं. परत आल्यावर म्हणाली, तिघांचे पाय एका दिशेने केले तर मावू.

नाव नोंदवायला ओळंबा पालिकेत गेला तेव्हा कारकुनाने त्याचा अंगठा एका डबीएवढ्या यंत्रावर ठेवायला सांगितला. यंत्रात लाल दिवा लागला. कारकुनाने अंगठा पुसायला लावला. मग धुवायला लावला. मग स्वतःच्या रुमालाने घासला. मग डावा अंगठा, मग एकेक करून दहाही बोटं. लाल दिवा. कारकुनाने त्याचा हात उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. बोटांची टोकं गुळगुळीत होती, नदीतल्या गोट्यासारखी. कच्ची वीट म्हणजे खरखरीत कागदच, रोज हजार दोन हजार विटा हाताखालून गेल्या की बोटांवर काय राहणार?

"रेषाच नाहीत की हो," कारकून म्हणाला. "तुमचं भविष्य बघणारा उपाशी मरेल."

पुढचं नंतर बघू, आधी काम चालू करा, असं इंजिनियर म्हणाला.

तोपर्यंत शिल्पकाराने ओळंब्याच्या बायकोला दोन दिवस आवारात उभं करून ठेवलं होतं. बाईच्या पुतळ्यासाठी तिला बघून तो मातीचा नमुना करत होता. डोक्यावरची कापडाची चुंबळ काढ, तिने कपाळ झाकतं, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, चुंबळीशिवाय विटा टाळूत रुततील. मग त्याने थर्माकोलच्या विटा रंगवून आणल्या आणि तिच्या डोक्यावर ठेवल्या. मान ताठ कर, म्हणाला. तिला जमेना. ओझंच नव्हतं तर मान कशाच्या जोरावर ताठ करायची? दोन दिवस ती फुकाच्या विटा घेऊन उभी राहिली आणि बारा विटांनी कधी दुखली नव्हती तेवढी तिची मान दुखली.

पुतळे आले ते फायबरचे, वर तांब्याचा रंग. बाई हसत होती. तोंड दुसऱ्याच कुणाचं होतं. डोक्यावर आठ विटा होत्या, खाली चुंबळ नव्हती. आक्का पुतळ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "हिला एक खेप टाकायला लावा. हसू किती टिकतं बघू."

चौकात विटा पडल्या त्या दिवशी ओळंब्याने इंजिनियरला एकदाच विचारलं. विटा कच्च्या आहेत, पावसात चिखल होईल, मग काय करायचं? इंजिनियरने शिल्पकाराकडे बघितलं. शिल्पकार म्हणाला, हाच मातीचा मूळ रंग पाहिजे. वरून रसायनाचा लेप मारू, थेंब आत जाणार नाही. ओळंबा म्हणाला, भट्टी रचली की पेटवावी लागते. दोघं हसले. एका बाजूला दवाखाना आहे, दुसऱ्या बाजूला कापडाची दुकानं, आणि हा चौकात भट्टी पेटवणार. इंजिनियरने त्याच्या खाली आलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, अरे, ही प्रतीक म्हणून आहे.

ओळंब्याने पहिली वीट उचलली. खोली डोळ्यांसमोर होती, वीस पावलांवर.

काम सुरू झालं. बायको विटा आणून द्यायची, दोन दोन करून वर फेकायची. तो झेलायचा, बसवायचा, वळायचा. न बघता. त्याचे हात पुढे आलेले असत तेव्हा वीट हवेतच असे, आणि हात मिटत तेव्हा वीट आलेली असे. रस्त्यावरची माणसं थांबून बघत. कापडवाल्याने एकदा त्याला विचारलं, एखादी चुकून तोंडावर आली तर? ओळंबा म्हणाला, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, फेकायची असती तर फेकली असती.

पहिले दोन थर गेले आणि मग चूक झाली. चूक म्हणावी तर अशी. बायको विटांच्या खेपेऐवजी पाटी घेऊन आली. पाटीत कोळशाची भुकटी होती. भट्टीत दर दोन थरांनंतर कोळशाची भुकटी पसरतात, म्हणून आवाराच्या कोपऱ्यात पडलेल्या ढिगातून ती पाटी भरून घेऊन आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ओळंब्यानेही पाटी घेतली आणि पसरली. पसरून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ही भट्टी पेटवायची नव्हती. तळाशी लाकडं घालायच्या मोऱ्यासुद्धा त्याने सोडल्या होत्या, विटा विटांमध्ये धूर जायला बोटबोट फटी ठेवल्या होत्या. कागदावर यातलं काही नव्हतं.

"काढू का खरवडून?" तिने विचारलं.

त्याने भुकटी हाताने सारखी केली. मग म्हणाला, "भुकटीशिवाय वर हात चालत नाही."

इंजिनियरने दुसऱ्या दिवशी थरांमधली काळी रेघ बघितली आणि हे काय म्हणून विचारलं. ओळंब्याच्या आधी आक्का बोलली. वाळवी लागू नये म्हणून, साहेब. इंजिनियरने मान हलवली आणि वहीत तसं लिहून घेतलं.

बारा दिवसांत भट्टी उभी राहिली. शिल्पकाराने फिरून फिरून फोटो काढले. क्रेन लावून दोन्ही पुतळे माथ्यावर बसवले. उद्घाटनाला अठरा दिवस होते. लेपाचे डबे आठवड्याने येणार होते.

तिसऱ्या दिवशी हवा पडली. पान हलेना. अवेळी ढग आले आणि हटले नाहीत. सकाळी आक्काने अंगणातल्या मातीला हात लावला आणि म्हणाली, खालून ओल धरते आहे, दोन दिवसांत पडणार. ओळंबा पालिकेत गेला. इंजिनियर गावाला गेला होता. कारकुनाने सांगितलं, लेप येईपर्यंत ताडपत्री टाका. ताडपत्री कुठे आहे? ती मागवावी लागेल. अर्ज करा.

तो परत आला आणि भिंतीला टेकून बसला. बायको भाकरी थापत होती. त्याने हिशेब मांडावा तसं सांगितलं. पाऊस पडला की भट्टी बसेल. बसली की इंजिनियर म्हणेल, रचणाऱ्याने वाईट रचली. मग खोली गेली. पेटवली तर परवानगी नव्हती म्हणतील. मग खोली गेली.

बायकोने तव्यावरची भाकरी उलटली. "दोन्हीकडून जाते ना? मग बसलेल्या भट्टीपेक्षा भाजलेली बरी."

"हं," आक्का म्हणाली. "बत्तीस वर्षांत तुझी एक भट्टी बसलेली नाही. आता सगळ्या गावापुढे बसवतोस का?"

उजाडल्यावर तिघं चौकात गेली. आधी चिखल कालवला. आक्का गुडघ्यापर्यंत त्यात उतरली, आणि दोघी बायकांनी भट्टी बाहेरून हातांनी लिंपून काढली, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून. ओळंब्याने मोऱ्यांत लाकडं भरली. जुन्या पत्र्याच्या आधाराचे वासे, विटांचे मोडके साचे, सगळं भरलं. दुकानं उघडत होती. कापडवाल्याला वाटलं लेप चालू आहे. बायकोने वर बघून विचारलं, ही दोघं उतरवायची का?

"ते आपल्या कामात येत नाही," ओळंबा म्हणाला.

नऊ वाजता मोऱ्यांना आग लावली. दहाला धूर निघाला. साडेदहाला दवाखान्याच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या आणि अकराला आगीचा बंब आला. त्याच्यामागून गाडीतून इंजिनियर. त्याने उतरताच पाणी मारा म्हणून ओरडायला सुरुवात केली. बंबाच्या प्रमुखाने भट्टीच्या जवळ जाऊन मोरीत वाकून बघितलं, मग मागे आला.

"साहेब, आत आग धरलेली आहे. यावर पाणी मारलं तर विटा फुटून उडतील. तुम्ही जवळ उभे राहा म्हणत असाल तर मी पाइप लावतो."

इंजिनियर जवळ उभा राहिला नाही. किती वेळ चालेल असं त्याने विचारलं. ओळंबा म्हणाला, सहा दिवस.

त्याला पोलिस चौकीत नेऊन बसवलं. हवालदाराने जबाब लिहिला आणि शाई लावून त्याचा अंगठा खाली टेकवून घेतला. कागदावर नुसता एक गोल काळा डाग उठला. हवालदाराने कागद वर धरून बघितला, दुसऱ्यांदा टेकवून घेतला. दुसरा डाग. "हा कुणाचाही होऊ शकतो," तो वैतागून म्हणाला आणि फाइल मिटली. दोन दिवस ओळंबा बाकावर बसून होता. तिथून चौक दिसत नव्हता, पण वारा फिरला की वास येत होता. वासावरून त्याला कळत होतं की ओल निघाली, आता कोळसा धरला.

चौकात बायको होती. ती लिंपणावर तळहात ठेवत फिरायची. जिथे हात ठेववेना तिथली फट बुजवायची, जिथे ठेववत होता तिथे उघडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी माथा तापला आणि वरची बाई कलली. आधी तिच्या डोक्यावरच्या आठ विटा मऊ होऊन कानांवर ओघळल्या, मग मान खाली गेली, मग हसू लांबलं आणि हनुवटीवरून सुटलं. पुरुष गुडघ्यात बसला. लोकांनी मोबाइल वर केले. आक्का म्हणाली, "चुंबळ असती तर मान तरी वाचली असती."

त्याच दिवशी पाऊस आला. मोठाले थेंब, तासभर. भट्टीवरून वाफेचा लोट उठला, लिंपण ठिकठिकाणी गळालं, बायकोने भिजत पुन्हा लावलं. भट्टी बसली नाही.

ओळंब्याला सोडलं, कारण शिल्पकाराने फोन केला होता. त्याने जळत्या भट्टीचे फोटो कुठेतरी पाठवले होते आणि ते लोकांना फार आवडले होते. सातव्या दिवशी मोऱ्या थंडावल्या. लिंपण खरवडून काढल्यावर आतून लाल विटा निघाल्या. कडेच्या थोड्या फिक्या होत्या, पण बोटाने टिचकी मारली की खणकन वाजत होत्या.

उद्घाटनाला पाहुणे आले. माथ्यावरचे काळे गोळे फुलांच्या जाळीखाली झाकले होते. पाहुण्यांनी विटेला हात लावला आणि म्हणाले, अजून ऊब आहे. शिल्पकार म्हणाला, संकल्पनाच तशी होती. इंजिनियरने परवानगीच्या कागदावर आदल्या महिन्याची तारीख टाकली होती. भाषणात अनाम हातांना नमस्कार झाला. हे हात दोरीच्या पलीकडे, कापडवाल्याच्या पायरीवर, सहा होते.

दुसऱ्या दिवशी ओळंबा खोलीच्या किल्लीसाठी गेला. इंजिनियर रागावलेला नव्हता. उलट खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाला, नेमणूक तुझीच व्हायची होती, पण हजेरी अंगठ्यावर लागते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. अंगठा लागला नाही तर माणूस आला नाही असं यंत्र धरतं. त्यात माझ्या हातात काही नाही.

"माझ्याही," ओळंबा म्हणाला.

इंजिनियरला ते बोलणं समजलं नाही, का समजून त्याने चहाकडे बघितलं, ते सांगता येत नाही.

राखणदार म्हणून एक तरुण नेमला. त्याच्या अंगठ्याला रेषा होत्या. तो सकाळी येऊन अंगठा लावायचा, संध्याकाळी येऊन अंगठा लावायचा, आणि खोलीत मोटारसायकल ठेवायचा. पुढे पुतळ्यांची नवी जोडी आली आणि भट्टीसमोर ओट्यावर उभी राहिली. बाई हसत होती. चुंबळ नव्हती.

आवार सपाट झालं. तिघं माती काढलेल्या मोठ्या खड्ड्याच्या काठावर सरकली. तिथे कंपनीला काही बांधता येत नव्हतं, म्हणून कुणी हाकलत नव्हतं. चार वासे, जुना पत्रा. चारी बाजूंनी वारा. पावसाळ्याला महिना होता. आक्काला रात्रभर खोकला यायचा आणि सकाळी ती म्हणायची, झोप छान लागली.

एका सकाळी बायको जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळत बसली होती. ओळंब्याने बघितलं, ती चुंबळ करत होती.

"कुठे?"

"भट्टी भाजून झाली की मोडायची असते," ती म्हणाली. "अजून कुणी मोडली नाही."

मग उठून त्याने हात धुतले, का कोण जाणे, आणि तिच्याबरोबर निघाला.

भट्टीच्या मागच्या बाजूला, नाल्याच्या तोंडाशी, खोलीच्या आडोशाला दोन मोऱ्या होत्या. त्यातली एक माणूस वाकून आत जाईल एवढी होती. ओळंबा आत शिरला. ही रचण त्याची स्वतःची होती. कुठली वीट काढली की काय खाली येतं आणि कुठली काढली की काहीच येत नाही, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तो आतून मोरीच्या तोंडाशी विटा देत राहिला, ती घेत राहिली. बारा झाल्या की ती उठायची.

लपायचं वगैरे काही झालं नाही. सकाळी दहा वाजता, भर चौकातून, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर बारा विटा घेऊन ती चालत जायची आणि तासाभराने परत यायची. बाहेरगावची माणसं गाडी थांबवून ओट्यावरच्या बाईचा फोटो काढत आणि मग हिचाही काढत. कापडवाला आपल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, पालिकेने ठेवलेली आहे, जिवंत देखावा. तिसऱ्या दिवशी राखणदार अंगठा लावायला आला तेव्हा त्याची मोटारसायकल वाटेत होती. बायको थांबली. त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, जा मावशी. एकदा इंजिनियरची गाडी तिच्यासाठी थांबली. त्याने आतून हाताने पुढे जा अशी खूण केली. त्याचं लक्ष फोनवर होतं. विटांच्या स्मारकासमोरून विटा घेऊन चाललेल्या बाईकडे कोण बघतो?

खड्ड्याच्या काठावर आक्का चिखल तुडवत होती. एक भिंत उठली. मग दुसरी. तिसऱ्या भिंतीला आक्काने खिडकीएवढी जागा सोडायला लावली आणि म्हणाली, बाहेरचा नळ बघायला.

चौथी भिंत छातीपर्यंत आली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मोरीच्या तोंडाशी बसून बायकोने चुंबळ नीट केली, अकरा विटा घेतल्या, बाराव्या विटेसाठी हात आत केला. आतून यायला वेळ लागला. पूर्वी त्याचा आवाज विटांत दबून यायचा, आता घुमत होता.

"आत किती उरल्या?" तिने विचारलं.

बारावी वीट तिच्या हातात आली.

"बाहेरून दिसतात तेवढ्या," तो म्हणाला.